ज्याचा वार, त्याचं दार

सुरतेतल्या सरकारी दवाखान्यात, औषधांच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. थोरलीच्या खांद्यावर सातेक वर्षांची मुलगी मान टाकून पडलेली.

"पुष्पाबाई, अहो, धुडकूभाऊच्या चंचलला काय झालं?"

"शाळेत प्रार्थनेलाच चक्कर येऊन पडली. बाप पलसाण्याच्या मिलमध्ये, आठ-आठ दिवस घरी नाही. मीच उचलून आणली. डॉक्टर म्हणे पोटात अन्न नाही."

"अन्न नाही? हिची आई वारली तेव्हा गल्लीनं जेवायचे वार लावून दिले ना हिला?"

"दिले ना. सोमवार माझा, मंगळवार तुझा."

"शनिवार-रविवार?"

"वाल्मिकच्या घरी."

"अहो, ते तर कडोदऱ्याला राहायला गेले!"

"माय व! कधी गं?"

"दिवाळीत."

"आता होळी आली, उज्ज्वला."

"मला वाटलं, ते वार तुम्ही घेतले."

"आणि मला वाटलं, तू."

"पण या पोरीला तोंड नव्हतं का? दारात आली असती तर कोणी हाकललं असतं? काय गं चंचल, बोलली का नाहीस?"

"पुष्पामावशीनंच सांगितलं होतं. ज्याचा वार, त्याच्याच दारात जायचं. दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही."

थोरलीनं पदर डोळ्यांना लावला.

"मावशी, रडू नको ना."

"नाही रडत, बाळा."

"आज सोमवार आहे ना?"

"हो."

"मग आज येऊ ना मी तुझ्याकडं?"