राणीचा आवाज

"अजी, ते बटण मोडन आता! एकोडीपासून पिळून राहिले."

लाखांदूरच्या एस्टीत निर्मलाबाईंच्या मागच्या सीटवर नवराबायको टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती.

"बेस जास्त हाय, मंदे. म्हणून माहा आवाज जाडा येते. थांब, कमी करतो."

टेपमधली, त्याच्याच आवाजातली राणी पुन्हा गाऊ लागली.

"आता नाजूक झाली का नाही?"

"झाली जराशी."

"वीस वर्षं दंडारीच्या नाटकात राणी करून राहिलो मी. बायाइच्या डोळ्यात पाणी येते. अन् परवा मंडईच्या जत्रेत खेळ हाय, तर हे मशीनच बेकार निघालं! कंडक्टरभाऊ, तुमीच सांगा, कसा हाय आवाज?"

"मामा, मले तिकिटं फाडाची हायेत."

निर्मलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"ट्रेबल वाढवून पाहू का?"

"वाढवा."

राणी आधी चिरकली, मग पहिल्यापेक्षा घोगरी झाली.

"मंदे, बोलत काहून नाही?"

"बोलू? मशीन चांगली हाय जी. तुमचा गळाच आता राजाचा झाला. औंदा राजा व्हा. माहं लग्नाचं लुगडं वीस वर्षं तुमीच नेसून राहिले. परवा मी नेसतो, अन् समोर बसून तुमाले पाहतो."