वांझ फूल

थांब — गुंडाळू नको तो तक्ता. गुंडाळू नको म्हनलं ना पोरी! लोकं गेले तर जाऊ दे, दत्तरावाच्या वसरीत समद्याला चहा ठिवलाय, तू मागून पी, मला आदुगर हे वाचून दाखव. हे, ह्या पिवळ्या फुलाच्या खाली काय लिवलंस? वाचाय येतं मला, चौथी झाली माझी, पर तुझ्या तोंडून ऐकायचंय. वाच. — नर फूल. बरं. आन म्होरं कंसात? बोटानं कामून झाकायलीस? मगाशी तर सगळ्या गल्लीला ऐकू जायलता तुझा आवाज. मी वाचते मग — वांझ फूल. लिवलंस ना? निळ्या शाईनं, खाली रेघ मारून.

आमाला समजावं म्हनून लिवलंस. व्हय का? अगं, ते तर समजतंच की आमाला! जल्मल्यापसून त्योच शब्द ऐकायलोत. विद्यापीठानं तुमाला कृषिकन्या म्हनून गावात धाडलं ते आमचंच आमाला ऐकवाय धाडलं का? तू दुसरंच काई सांगाय उठलीस. माझ्या मांडवावरचं फूल तोडलंस, पाकळ्या मागं केल्यास आन दाखविलंस — बगा, हे बारीक दांडीवर आलंय, ह्याच्या बुडाशी फळ न्हाई, आत निसती पिवळी भुकटी, हे नर. आन हे दुसरं, बुडाशी बोटाएवढा भोपळा घिऊनच आलंय, ही मादी. मी रांजनात पानी वतायली होते, कळशी तशीच हातात ऱ्हायली. पन्नाशी उलटली माझी, ह्या येलाखालीच जल्म गेला, आन मला आज कळायलंय की ज्याला सारे वांझ म्हनतेत ती बाई न्हाईच — त्यो गडी हाय! गडी हाय त्यो! हसू नको. न्हाई हसायलीस? मगाशी हसलीस की.

हसलीस. मी बगितलं. दत्तराव म्हनला ना, माझा धाकटा दीर — "वहिनी, तुमच्या मांडवाला बी वांझच फुलं लय आलीत!" — आन समदी बसलेली खदखदा हसली, तवा तू बी हसलीस. तोंडावर वढनी घिऊन, पर हसलीस. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं ते नेहमीचंच हाय, पर तू? आत्ताच तूच सांगितलंस ना नर म्हनून? एवढं बी म्हनली न्हाईस की दत्तरावकाका, त्ये फूल वहिनीचं न्हाई, तुमचं हाय! — सॉरी नको मला. सॉरी म्हनून काय व्हतंय? मला लेकरू न्हाई, तुला ठावं नव्हतं, बरं, मानलं. आता ठावं झालं.

आन आमच्याकडं शब्द कमी हायेत का? ज्वारी पोटऱ्यात येती, मग निसवती. कापसाला पाते लागतेत, पात्याचं फूल, फुलाचं बोंड. हरभऱ्याला घाटे, भुईमुगाच्या आऱ्या भुईत जातेत — एवढ्याएवढ्या देठाला नाव ठिवलंय आमच्या लोकांनी. मक्याचं बग. नर वर बसतोय, पार शेंड्यावर, फळ न्हाई का काई न्हाई, पर त्याला म्हनतेत काय? तुरा! फेट्यात खोवावा तसा तुरा! आन पपई फळली न्हाई की म्हनतेत नर निघाली, घाला कुऱ्हाड. म्हंजी नर म्हनाय येतं की त्यांला, जीभ वळती की! मग भोपळ्यालाच कामून बाईचं नाव? तुला न्हाई सांगता यायचं, मी सांगते. पपई ऱ्हाती शेतात, मका ऱ्हातो शेतात. भोपळा घरावर चढतोय. आन घरावर काई फळलं न्हाई की बोट बाईकडंच, मग खोट कोनाची का असंना.

भोपळ्याचं बी लावाय लेकुरवाळीचा हात लागतोय म्हनं. माझ्या सासूनं मला आळं करू दिलं, शेनखत वढू दिलं, सांजसकाळ पानी घालू दिलं — बी तेवढं हातात दिलं न्हाई कवा. शेजारच्या पोरवाल्या बाईला बोलवायची, तिच्या हातानं टोबायची, आन मी तितंच घमेलं घिऊन हुबी. सासू गेली आन त्याच साली मी माझ्या हातानं बी लावलं. तवापसून दर साली मीच लावते, हा येल त्यातलाच. तूच म्हनलीस ना मगाशी, लय लगडलाय म्हनून? लगडनारच. न लगडाय काय झालं त्याला.

हिकडं बग. समोर वसरीत, खांबाला टेकून हुबी हाय ती हिरव्या साडीची — निकिता. दत्तरावाची सून, नागेशची बायको. पाथरीची हाय. आज तिला माहेरी सोडायलेत. — चार दिवसाला जायली? असं तिनं सांगितलं व्हय तुला? चार दिवसाला कोनी रुखवताच्या घागरी संगं न्हेतंय का? सासूनं सकाळीच पोत्यात भरल्यात, समया, पराती, पोळपाट सुदिक. पाठवनी हाय ती. कायमची. पोरीला बी ठावं हाय, म्हनून तर सकाळपसून खांब धरून हुबी हाय. तीन वर्सं झाली, पाळना हालंना, एवढाच गुन्हा. बरं, परभनीला न्हिऊन तपासली तिला, दोन्दा. कायबी न्हाई. डॉक्टरीन म्हनली, आता नवऱ्याला घिऊन ये. गेला का नागेश? त्याचा बाप म्हनला — आमच्या खानदानातला गडी कामून तपासायचा? आमच्या घरात गड्यात खोट न्हाई, सुनाच अशा मिळतेत. आदुगर वहिनी आली तशी, आता ही. — माझ्याकडं बोट करून, पोरी! पाठवनी ठरवायच्या भर बैठकीत, तिच्या बापाच्या म्होरं! चोर सोडून संन्याशाला फाशी, आन साक्ष कोनाची? माझी! मी मुकाट्यानं बसले तितं, तीच माझी साक्ष झाली.

म्हनं गड्यात खोट न्हाई! अरे, न्हाई तर परभनीहून येताना तुझा भाऊ भर जीपीत उपरनं तोंडावर घिऊन कशाला रडला —

काई न्हाई. काई म्हनले न्हाई मी. गुंडाळ तो तक्ता. जा, चहा गार व्हायलाय तुझा.

बसलीस का मग? जा म्हनले ना. — ऐकलंस तू. ऐकलंस. मग आता पुरतं ऐक, आर्धं ऐकून गेलीस तर तुझ्या मनानं जोडशील काई तरी. आमा दोघां नवरा-बायकूला बी तपासलं होतं. लय साल झाले. डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं, बाईत काई न्हाई, तुमच्यात हाय. हे येताना जीपीत रडले. झरीच्या थांब्यावर उतरलो तवा म्हनले, गीता, मला चार मानसांत हिंडावं लागतंय, तू तर घरातच आस्तीस. — बगितलंस? तू तर घरातच आस्तीस! आन मी व्हय म्हनले. मानूस वाईट न्हाई, खोटं कशाला बोलू. हात उचलला न्हाई कवा, दुसरी केली न्हाई. त्यानंच तर घात झाला. सारं गाव म्हनतंय, मानिकरावाचं मन किती मोठं, वांझ बाई नांदविली. देवमानूस म्हनतेत! त्या देवाला निवद कोन दाखवायलंय रोज? मी. माझ्या नावाचा.

माझं मी सोसलं. बारशाला बोलविलं न्हाई, न्हाई गेले. डोहाळजेवनाला मागच्या दारी बसविलं, बसले. नवऱ्याची इज्जत म्हनलं, झाकली मूठ बरी. पर ती मूठ माझी होती ग! तिच्यात ह्या पोरीला कामून घातलं? माझ्यावरून तिला हाकलायलेत. मी गप बसले म्हनून तिचा बाप टोपी काढून हात जोडायलता.

कोन, मालक? तितंच हायेत की, दत्तरावाच्या शेजारच्या खुर्चीवर. बैठकीत बी तितंच होते. भाऊ माझ्याकडं बोट करायलाय आन हे चपलीचा अंगठा बगायलेत. मला वाटलं, आता बोलतील. माझ्यासाठी न्हाई बोलले तर न्हाई, त्या पोरीसाठी तरी बोलतील. तिचा बाप पाया पडाय वाकला, तवा बी अंगठाच बगायलते. तवा माझं काळीज जळालं. तुझ्यावर वरडले मगापसून, तुझा काय दोष हाय म्हना, त्या मानसावर वरडायचं ते तुझ्यावर निघालं.

पर तू बी खोड तो शब्द. आत्ता, माझ्या म्होरं. रेघ मारली तर खालचं वाचाय येतंय, गिचमिड काळं कर. हां. फुडच्या गावाला जाशील, तिथल्या बायांला नर म्हनून सांग, हसली तर हसू दे लोकं.

कशाचा आवाज त्यो? — जीप चालू केली नागेशनं. घागरी चढल्या का? बाई बाई, बसायली ती. आसू सुदिक पुसंना.

सोड. हात सोड माझा, मला काई होत न्हाई. घे तुझा तक्ता आन त्या बोळीतून नीघ, हितं थांबू नको, तुझं काम झालं. — नागेश! ए नागेश, बंद कर ती गाडी! निकिता, उतर खाली. उतर म्हनते मी, घागरी ऱ्हाऊ दे. दत्तराव, कप ठिवा खाली. कोनी हालायचं न्हाई. ह्या घरातल्या गड्यात खोट हाय का न्हाई — मालक, वर बगा — तुमी सांगता, का मी सांगू?