वजाबाकीचा वेगळा कप्पा

...आणि वर ताईचे साहेब म्हणतात, प्रोग्राम तुमचा, चूक तुमची! अहो, काय चुकलं हो तिचं?

तुम्हाला सांगतो, आमची ताई लिस्प नावाच्या भाषेत बीजगणिताचा प्रोग्राम लिहीत होती. त्याला कुठलीही बैजिक राशी द्या, तो आधी ओळखणार, ही बेरीज, हा गुणाकार, हा घात, आणि मगच हात घालणार. लिस्पमध्ये कंस उघडला की पहिलं क्रियेचं चिन्हच, त्यामुळे ओळखायला सोपं. फक्त वजाबाकीला तिनं वेगळा कप्पा दिला नव्हता. म्हणायची, "अरे, अ वजा ब म्हणजे अ अधिक उणे ब. बेरीजच की! दोघी एका घरात सुखानं नांदतात." नांदत होत्या हो!

तेवढ्यात साहेब उगवले. "मॅडम, वजाबाकी कुठंय? शाळेत चार क्रिया शिकलो आपण! वेगळा कप्पा करा."

"सर, ओळखणारा भाग वजाबाकी म्हणेल, सोपं करणारा तिची पुन्हा बेरीज करेल... दोघं भांडतच बसतील."

"बसू देत! परवा पाहुणे येतायत प्रोग्राम बघायला. करा म्हटलं ना!"

आता नोकरी कच्ची, घरी भाऊजी आजारी, ती काय मान वर करून बोलणार? केला कप्पा. काय चुकलं हो तिचं?

पाहुणे आले, कोटबिट घालून. साहेबांनी हौसेनं स्वतःच टाइप केलं, अ वजा ब. झालं! एक म्हणतो वजाबाकी, दुसरा म्हणतो बेरीज, वजाबाकी, बेरीज, वजाबाकी... आतला पंखा असा घोंघावायला लागला की पाहुण्यांनी खुर्च्या मागे घेतल्या, आणि कम्प्युटर हँग झाला तो झालाच! साहेब गोड आवाजात काय म्हणतात? "मॅडम... हे तुम्ही लिहिलंय ना?"

सगळं अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. पण चारचौघांत साहेबांना खोटं पाडायचं? "हो सर," म्हणाली. हे मला नंतर सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, मान खाली घालून. पाहुणे गेल्यावर तिनं तो कप्पा काढून टाकला, प्रोग्राम सुतासारखा सरळ... पण बघायला होतं कोण? काय चुकलं हो तिचं?

आता गणितातून उचलून तिला ग्राहकांची पत्रं वेगळी करायच्या कामावर बसवलंय. एकीकडे तक्रारी, दुसरीकडे विनंत्या. काल साहेब डोकावले, "मॅडम, आणखी एक कप्पा करा... विनंतीवजा तक्रार!"

ताईनं तोही केला!