पॉम्फ्रेटबाईंच्या कुरणातली वाट आणि एक आभारपत्र

मार्केट हॅल्सी पोलीस ठाणे
दिनांक २४ मे २०१९, शुक्रवार, दुपारी २ वाजून १० मिनिटे

नाव : बेरिल टॅपस्कॉट. वय : ६८ वर्षे. धंदा : लिटल हेक्सकूम ग्रामपंचायतीची कारकून, अर्धवेळ. राहणार : २, फोर्ज लेन, लिटल हेक्सकूम.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, शुद्धीवर आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, असा जबाब देते की :

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. पंचायतीच्या सभांचं इतिवृत्त गेली बावीस वर्षं मी लिहिते. त्यामुळे जबाब कसा सांगावा हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी सुरुवातीलाच कॉन्स्टेबल ग्रिगबाईंना सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आमच्या गावात खालची आळी म्हणून अकरा घरं आहेत. तिथून वरच्या गावात जायला कै. मिस पॉम्फ्रेट यांच्या कुरणातून पायवाट आहे. वर चर्च, दवाखाना, बसचा थांबा आणि हॉथर्न हाउस हा वृद्धाश्रम. वाटेनं गेलं तर सात मिनिटं लागतात. रस्त्यानं सव्वा मैल पडतं, रस्त्याला फुटपाथ नाही आणि खाणीचे ट्रक त्याच रस्त्यानं जातात.

खालच्या आळीत विल्फ हॅनाफर्ड राहतात. वय ८४, पूर्वी सुतारकाम करत. त्यांची बायको आयव्ही तीन वर्षांपासून हॉथर्न हाउसमध्ये आहे. ती विल्फ सोडून कुणाच्याच हातून जेवत नाही. तिथल्या मुलींनी गोडीगुलाबीनं पाहिलं, रागावून पाहिलं. ती तोंड घट्ट मिटून घेते. विल्फ रोज पावणेबाराला निघतात, बाराच्या ठोक्याला तिच्यापुढे बसतात आणि तिला भरवतात. तीन वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही, बर्फ पडला तेव्हासुद्धा.

मागच्या वर्षी मिस पॉम्फ्रेट वारल्या. कुरण श्री. क्रिस्पिन व्हेन यांनी लंडनहून येऊन विकत घेतलं. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहून घ्यावं, कारण गावात दुसरं कुणी सांगणार नाही. त्यांना कुरणात घोडे ठेवायचे आहेत, आणि घोड्यांमधून लोक गेलेले त्यांना नको आहेत. पंचायतीचा निर्णय होईपर्यंत फाटक उघडं ठेवतो असं ते म्हणाले आणि त्यांनी ते ठेवलं.

कायदा मी जिल्ह्याच्या कचेरीतून विचारून घेतला तो असा. लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे आणि न विचारता जात असतील तर वाट लोकांची. पण त्यांनी मालकाची परवानगी घेतलेली असेल, तर ती मालकाची मेहरबानी. आज आहे, उद्या नाही. म्हणजे खुशाल घुसलात तर वाट तुमची आणि सभ्यपणे विचारलंत तर गेली. असा कायदा आमच्या गावासाठी कुणी केला, त्याला एकदा चहाला बोलवायची माझी इच्छा आहे. आमच्याकडे दुसऱ्यानं आपल्या पायावर पाय दिला तर माफी आपण मागतो.

वाट गावाची असल्याचा दावा जिल्ह्याकडे पाठवायचा तर गावकऱ्यांनी फॉर्म भरून द्यावे लागतात. मी घरोघर फिरून तेवीस फॉर्म भरून घेतले. त्यात सातवा प्रश्न असा, की आपण कधी परवानगी मागितली होती काय. बावीस जणांनी ‘नाही’ लिहिलं. विल्फनी लिहिलं, ‘मागितली असेल. मागायला हवीच होती.’

मी त्यांना म्हटलं, “विल्फ, आठवतंय का नक्की?”

ते म्हणाले, “नक्की नाही गं. पण कुणाच्या कुरणातून न विचारता कसं जाणार? आईनं चामडी लोळवली असती.”

मी म्हटलं, “नक्की आठवत नसेल तर रकाना कोरा सोडा.” मी त्यांना दुसरा फॉर्म दिला. पहिला फॉर्म पंचायतीच्या कपाटात आहे. मी कागद फाडत नाही.

मंगळवार दिनांक १४ मे रोजी संध्याकाळी साडेसहाला गावच्या हॉलमध्ये सभा भरली. एकतीस लोक हजर होते. एरवी चार असतात, आणि त्यातले दोन हॉलची चावी आणणारे. अध्यक्ष श्री. जॉर्ज लस्कूम यांनी वाटेचा विषय घेण्याआधी प्रथेप्रमाणे दहा मिनिटं चहाची सुट्टी दिली.

त्या सुट्टीत श्री. व्हेन माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी फायलीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, “मिस टॅपस्कॉट, हे पॉम्फ्रेटबाईंच्या कपाटात सापडलं. चहानंतर वाचून दाखवणार आहे. तुम्हाला आधी दाखवावं म्हटलं, आयत्या वेळी धक्का नको.” मला त्यांचा हा भलेपणा त्या क्षणी अजिबात सोसला नाही.

पत्र विल्फच्या अक्षरात, ऑक्टोबर २००६ चं होतं. मजकूर असा : ‘प्रिय मिस पॉम्फ्रेट, आम्हां खालच्या आळीतल्या सर्वांना आपल्या कुरणातून जाण्याची परवानगी आपण कृपा करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपली थोडीही गैरसोय होत असेल तर निःसंकोच कळवावं, आम्ही रस्त्यानं जाऊ. सोबत प्लमच्या जॅमची बरणी पाठवतो. बरणी परत करायची घाई नाही.’

श्री. व्हेन चहा घ्यायला वळले. मी ते पत्र उचलून इतिवृत्ताच्या वहीत घातलं आणि वहीवर हात ठेवून बसले. कुणी पाहिलं का, असं मला विचारण्यात आलं. समोर मिसेस हेक्स्ट बिस्किटांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताट पुढे केलं आणि म्हणाल्या, “आल्याचं घे, बेरिल. आज हिंमत लागेल.” त्यांनी काय पाहिलं हे त्यांनाच विचारावं.

सुट्टीनंतर कागद सापडेना. मग एकतीस माणसांनी इतक्या मनापासून शोधाशोध केली की मला लाज वाटली. खुर्च्या उचलल्या, चहाचं भांडं हलवलं, कुणी पियानोखाली वाकून पाहिलं. वहीवरचा हात उचल असं मात्र मला एकानंही म्हटलं नाही.

श्री. व्हेन म्हणाले, “अहो, मिस्टर हॅनाफर्ड यांचं पत्र होतं ते! त्यांनी स्वतः लिहिलेलं!”

मागच्या रांगेतून विल्फ म्हणाले, “माझं? माझं काय हरवलं?”

जॉर्ज लस्कूम यांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, “काही नाही, विल्फ, बसा. जो कागद सभेपुढे नाही त्यावर सभेला बोलता येत नाही. मताला टाकतो.” वाटेचा दावा जिल्ह्याकडे पाठवण्याचा ठराव बहुमतानं मंजूर झाला. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘श्री. व्हेन यांनी उल्लेखलेला कागद सभेपुढे ठेवता आला नाही.’ बावीस वर्षांत माझ्या इतिवृत्तात एकही खोटं वाक्य नाही. हेही खोटं नाही. पण घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्री. व्हेन यांनी या ठाण्यात चोरीची तक्रार दिली. त्याच सकाळी माझ्या दारात संत्र्याच्या मार्मलेडच्या दोन बरण्या, फ्लॉवरचा एक गड्डा आणि सहा अंडी होती. चिठ्ठी कशालाच नव्हती. मी मार्मलेड खात नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, तरी ते ठेवलं, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं. गावात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

घोटाळा झाला तो इथेच. विल्फनाही कुणी काही सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, त्यांना कळलं असेलच, आपण कशाला बोलून त्यांची लाज काढायची. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना सांगितलं आणि कुणी विचारलं, तर ते खरं बोलतील. म्हणजे एकतीस जणांच्या सभेत, पत्र खरोखरच हरवलंय असं समजणारी माणसं दोनच होती, एक श्री. व्हेन आणि दुसरे विल्फ.

गुरुवार दिनांक १६ मे रोजी दुपारी अडीचच्या सुमारास विल्फ मला टपालपेटीपाशी भेटले. चेहरा अगदी खुलला होता.

म्हणाले, “बेरिल, मिटवलं बघ मी ते.”

“काय मिटवलंत?”

“त्या व्हेनसाहेबांच्या कागदाचं. बिचारा पोलिसांपर्यंत गेला म्हणे. माझ्या पत्रापायी माणसाला एवढा मनस्ताप! मला काही चैन पडेना. मग बसलो आणि दुसरं लिहून दिलं.”

मी म्हटलं, “दुसरं काय लिहून दिलंत?”

“तेच गं. सभेत पत्राचं नाव निघालं आणि आठवलं, तेवढं सगळं. सही केली, तारीख घातली. आणि पहिल्यात जे राहिलं होतं तेही घातलं.”

“काय राहिलं होतं, विल्फ?”

“की पुढेही दर नाताळाला मी बाईंकडे जायचो. पुढच्या वर्षीही चालेल ना, असं आळीतर्फे विचारून यायचो. बारा वर्षं झाली की अकरा, ते नक्की आठवेना, म्हणून दोन्ही लिहिलं.”

मला त्या वेळी रडू आलं की राग आला, असं कॉन्स्टेबल ग्रिग यांनी विचारलं. दोन्ही लिहा. मी विल्फना टपालपेटीसमोर उभं राहून सांगितलं की त्यांनी आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे, वाट गेली आहे, आणि आता आयव्हीला कोण भरवणार? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “पण विचारलं होतं ना गं आपण.”

श्री. व्हेन यांनी हे दुसरं पत्र मिळाल्यावर चोरीची तक्रार मागे घेतली. शनिवारी दिनांक १८ रोजी फाटकाला कुलूप लागलं. त्याच सकाळी ते स्वतः विल्फकडे गेले आणि म्हणाले, की तुम्हाला एकट्याला चावी देतो, रोज खुशाल जा. मी तेव्हा विल्फच्या स्वयंपाकघरात होते. विल्फ म्हणाले, “आपली फार मेहरबानी. पण बाकीच्या आळीला बंद आणि मला उघडं, ते बरं दिसणार नाही.” श्री. व्हेन यांनी चावी टेबलावर ठेवली. विल्फनी ती पाकिटात घालून, वर आभाराच्या दोन ओळी लिहून, संध्याकाळी परत पाठवली. ज्याचं भलं करावं त्यालाच ते नको असेल, तर देवही हात टेकतो.

पहिलं पत्र मी आज सोबत आणलं असून कॉन्स्टेबल ग्रिग यांच्या ताब्यात देत आहे. त्या म्हणाल्या, “बाई, तक्रारच राहिली नाही. आता हे कशाला उकरताय?” मी म्हटलं, चोरी झाली आहे आणि चोर तुमच्यासमोर बसला आहे, तुम्ही लिहायला बसला आहात, तर लिहा. पत्र मी चोरलं. मला त्याचा पस्तावा नाही. पस्तावा एवढाच आहे, की सगळ्या गावात एका माणसाशी बोलायला हवं होतं आणि आम्ही त्याच्याशीच बोललो नाही.

मला आज खरं तर दुसऱ्याच तक्रारीसाठी बोलावण्यात आलं होतं. खाणीच्या ट्रकवाल्यांनी अशी तक्रार दिली आहे, की शनिवारपासून रोज सकाळी एक निळी मोटार हेक्सकूम रस्त्यावर माणसाच्या चालीनं चालते, चारही दिवे उघडमीट करत असते, आणि तिच्यामागे वीस-पंचवीस गाड्या तुंबतात. त्याबाबत विचारल्यावर सांगते, की ती मोटार माझी आहे आणि चालवते मीच. मोटारीपुढे विल्फ चालत असतात. पहिल्या दिवशी मी काच खाली करून म्हटलं, “बसा ना आत!” ते म्हणाले, “नको गं, कुणाला उगाच त्रास नको.” मागून भोंगे वाजले की ते वळून प्रत्येक गाडीला टोपी काढून माफी मागतात, त्यात आणखी वेळ जातो. सव्वा मैलाला आम्हाला पन्नास मिनिटं लागतात. सात दिवसांत आयव्हीचं जेवण एकदाही चुकलेलं नाही.

जबाब मला ऐकवण्यात आला. त्यात पत्र माझ्याकडून ‘चुकून’ उचललं गेलं, असा शब्द घालण्यात आला होता, तो मी खोडायला लावला. आता जे आहे ते मी सांगितलं तसंच आहे आणि मला मान्य आहे. दोन्हींपैकी कोणत्याही प्रकरणात मला परत बोलवायचं झाल्यास कोणत्याही वारी बोलवावं, फक्त सकाळी अकरा ते बारा ही वेळ सोडून.

सही : बेरिल टॅपस्कॉट
समक्ष : कॉन्स्टेबल पी. ग्रिग