दाराकडं बघणारे गणपती

…आणि वर ती ठमाबाई म्हणते कशी, "पोर रांगायला लागली, आता भाव वाढणार!" भाव! अहो, भाव कोलंबीचा करतात, मिठाचा करतात, भाताचा करतात... पोरीच्या रांगण्याचा कधी भाव ऐकलाय तुम्ही? पण तुम्हाला सांगते, आमच्या पेणमध्ये, रामवाडीत, त्या पत्र्याच्या पडवीत ठमाबाईनं हा बाजार मांडला होता, आणि आमची अनिता रोज सकाळी त्या बाजारात आपली पोरगी ठेवून यायची. पोरगी मृणाली. पहिल्यांदा ठेवली तेव्हा पाच महिन्यांची. आणि ती रडायची नाय हो! बाकीची पोरं कशी, आईनं पाठ फिरवली की भोकाड पसरतात, लाथा झाडतात, पार हायवेपर्यंत आवाज. ही नाय. ही ठमाबाईच्या काखेत बसून दाराकडं नुसती बघायची. असं बघायची, असं बघायची... रडली असती तर परवडलं असतं!

थांबा, अनिता कोण ते सांगितलंच नाय. अनिता माझी शेजारीण. घरी भिंतीला भिंत, आणि कामावर पाटाला पाट. दत्तूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात मी मुकुटाला सोनेरी लावते, ती डोळे काढते. आता सोनेरी काय, कुणीपण लावेल, तुम्ही सुद्धा लावाल. पण डोळे! सोंड झाली, पितांबर झालं, उंदीर झाला, तरी डोळ्यांशिवाय तो नुसता पुतळा. मग अनिता बसणार, श्वास रोखणार, बारीक कुंचल्यानं पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की देव जागा! असा हात गावात दोघा-चौघांचाच. म्हणून तर तिची पाचवी पुजून होत नाय तोवर दत्तूशेठचे निरोप सुरू. "अनिता कधी येणार? नायतर हमरापूरचा माणूस बसवतो हां! आणि मी एकदा बसवला की उठवत नाय!"

बरं, न जाऊन सांगते कुणाला? नवरा प्रविण रोह्याला केमिकल कंपनीत. कंपनीत म्हणजे कंत्राटी. कंत्राटी म्हणजे काय, तर सकाळी दिवा-रोहा पॅसेंजर पकडायची, गेटवर जाऊन उभं राहायचं, आणि आज शिफ्ट हाय का नाय ते गेटवर कळणार. खोलीचं भाडं काय शिफ्ट बघून येतं का?

तुम्ही म्हणाल, सासू नाय का? हाय की! निडीला. काशीबाई. प्रविणची गाडी रोज तिच्या गावावरून जाते. एकदा उतरला बिचारा, विचारायला. तर म्हातारी म्हणाली, "थोरल्याची तीन पोरं बघत्येय, म्हैस बघत्येय, शेत बघत्येय. तुझी पण आण, म्हशीच्याच दाव्याला बांधत्ये!" प्रविण पुढच्या गाडीनं परत. माहेरी आई नाय तिला. गावात एक पाळणाघर होतं, बँकवाल्या नि मास्तरीण बायकांच्या पोरांचं. भिंतीवर ससे, दारात पायपुसणं. तिथला दर ऐकून अनितानं काढलेली चप्पल तिथंच परत पायात घातली. मग उरलं कोण? ठमाबाई!

बाई वाईट नाय हां. खोटं कशाला बोलू? पोरांना मारत नाय, उपाशी ठेवत नाय, झोपावीत म्हणून काय चाटवत नाय. पण हिशेबाला अशी पक्की! "हे बघ गो, पडून राहणाऱ्या पोराचा भाव वेगळा. पालथं पडलं की वेगळा, लक्ष ठेवायला लागतंय. रांगलं की मला मागं फिरायला लागतंय. आणि चालायला लागलं मग तर काय, मी म्हातारी, ते पोर, नि पुढं हायवे!" आता हायवेचं नाव काढल्यावर कुठली आई घासाघीस करणार, तुम्हीच सांगा!

आणि झालं काय, पोर दिवसभर तिथं. म्हणजे जे काय व्हायचं ते ठमाबाईच्या डोळ्यांसमोर. मृणाली पालथी पडली, आईला कसं कळलं? भाव वाढला! दात आला, कसं कळलं? भाव वाढला! "चावती गो!" म्हणे. रांगली त्या दिवशी अनिता संध्याकाळी न्यायला गेली, तर म्हातारी दारातच, "आली का? ये. पैशाचं बोलायचंय." अनिताला हसावं का रडावं कळेना. घरी येऊन चटई अंथरली, पोरीला ठेवलं, समोर खुळखुळा धरला, "रांग गो माझे बाय, मला पण दाखव! पैसे भरलेत मी!" पोर दमलेली. खुळखुळ्याकडं बघता बघता झोपली.

मला एकदा म्हणाली, "मी हल्ली देवाकडं काय मागते माहितीय? हिनं इतक्यात उभं राहू नये." बोलली, आणि पटकन जीभ चावली, दोन्ही गालांवर मारून घेतलं. अहो, कुठली आई असं मागते? पण मागत होती. पुढची पायरी परवडत नव्हती ना!

आता खरी गंमत सांगते. गंमत कसली, डोंबलाची! मी एक दिवस मुकुट रंगवतेय, सहज मान वर केली, तर गणपती माझ्याकडं बघत नाय. दाराकडं बघतोय. म्हटलं असेल. दुसरा घेतला. दाराकडं! तिसरा, चौथा, अख्खी फळी... सगळे दाराकडं! आमच्या कारखान्याचं दार उजव्या अंगाला. कुणीतरी आत्ताच त्या दारातून निघून गेलंय आणि हे सगळे तिकडं बघत बसलेत, असं. माझ्या अंगावर काटा आला. मी हळूच म्हटलं, "अनिता, गो, ह्यांची नजर..."

"मला दिसतंय," म्हणाली. "मी सरळच काढते. हात सरळच जातो. पण ठिपका ठेवला की ती बघते."

"ती कोण?"

"मृणाली. सकाळी बघते तशीच." आणि कुंचला पाण्यात बुडवून म्हणाली, "रडली असती तर परवडलं असतं बाय."

तुम्ही हसाल. हसा! पण आषाढातल्या त्या दुपारी तुम्ही तिथं पाहिजे होतात. भर दुपारी लाईट गेली. बाहेर आभाळ काळं, पत्र्यावर पाऊस, आतमध्ये काळोख, आणि शेकडो गणपती. रंग दिसत नाय, सोंड दिसत नाय. नुसते ते पांढरे ठिपके. दोन दोन, दोन दोन, पार मागच्या भिंतीपर्यंत. आणि सगळे कुठं? दाराकडं! देवाला रोज हात जोडणारी बाई मी, त्या दिवशी मला देवाची भीती वाटली. अनिता पाणी प्यायला उठली. माठ दारापाशी. दोन पावलं गेली आणि थांबली. "मला तिकडं जाता येत नाय गो," म्हणाली, "मी दाराकडं गेले की सगळे बघतात. तू आण पाणी." मी कुठली जाते! दोघी तशाच तहानलेल्या बसून राहिलो, लाईट येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी घरून रद्दी घेऊन आली. एकेक डोळे झाले की तोंडावर पेपर. आपण घरी आणताना देवाचं तोंड रुमालानं झाकतो ना, तसं. पण ते एका देवाचं! इथं फळ्याच्या फळ्या झाकलेल्या. आणि नेमके दत्तूशेठ आले. "हे काय? मुडदे ठेवलेत काय माझ्या कारखान्यात? देव हायत ते!" फर्रकन एक पेपर ओढला. बघितलं. डावीकडं सरकले, बघितलं. उजवीकडं सरकले, बघितलं. आणि मग जो भडका! "हा दाराकडं काय बघतोय? ह्याला एस्टी पकडायचीय? भक्त समोर, नैवेद्य समोर, आरती समोर, आणि हा दाराकडं! पुसा! सगळे पुसून परत काढ, आणि परत काढायचे पैसे मिळणार नायत! जमत नसेल तर हमरापूरचा माणूस उद्या सकाळी हजर!"

अनिता पांढरीफटक. फुकटात परत काढायचे म्हणजे ठमाबाईला द्यायचं काय? आणि ठमाबाईला दिलं नाय तर पोरगी ठेवायची कुठं, आणि पोरगी ठेवली नाय तर काढायचं कसं? तिनं गपचूप ओला फडका हातात घेतला. पहिल्या मूर्तीपाशी बसली. आणि फडका काय डोळ्यांवर टेकवता येईना हो तिला.

तेवढ्यात मुंबईचा व्यापारी आला. आला म्हणजे कुठं उभा राहिला? दारात! आणि समोरचे पेपर नुकतेच काढलेले. माणूस तिथंच थांबला. चपला काढल्या. "शेठ," म्हणाला, "हे सगळे माझ्याकडंच बघतायत." दत्तूशेठ "ते जरा चुकलंय, आज दुरुस्त..." तर हा ऐकतोय कुठं! "मला जाऊ नको म्हणतायत हो!" आणि खिशातनं रुमाल काढून डोळे पुसायला लागला, एवढा मिशीवाला माणूस! सगळे घेतले. वर तेवढ्यांची आणखी ऑर्डर, पण नजर हीच पाहिजे. आता दत्तूशेठची जीभ कशी वळली बघा, "मग! नजर हाय ती! मुद्दाम काढून घेतो मी!"

अनितानं फडका खाली ठेवला आणि धीर केला. "शेठ, एक विचारू? पोरीला इथं आणू? वाशाला झोळी बांधते. ठमाबाईचे पैसे वाचतील." शेठ खुशीत. "आण की!" म्हणाले.

काय सांगू तो दिवस! माझ्या नि तिच्या मध्ये झोळी. पोरगी आईकडं बघून हसतेय, आई पोरगीकडं बघून हसतेय. पोरीनं माझ्या सोनेरीच्या डब्यात हात घातला, नाकाला लावलं, कानाला लावलं, देवाआधी हीच सोन्याची झाली. अनिता अशी खळखळून हसली! ते हसणं बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा ऐकलं. आणि दुपारी, ऐका हां, पोरीनं फळी धरली, ढुंगण वर केलं, डुगडुगली, आणि उभी राहिली! आईसमोर! अनिता ओरडली, "बघितलंस? उभी राहिली! आणि भाव वाढला नाय!"

संध्याकाळी दत्तूशेठ आले. दिवसभराचे गणपती बघितले. सगळे सरळ समोर बघतायत. तृप्त. शेठ खाली बसले, परत उभे राहिले, चष्मा पुसून बघितलं. "हे काय गो? हे तर जेवून पान खाऊन बसल्यासारखे दिसतायत. ह्यांना कुणाची पडलीय असं वाटतच नाय!" मग झोळीकडं बघितलं. आणि हळू आवाजात, माणूस वाईट नाय हो, अगदी मायेनं म्हणाले, "अनिता, पोरगी उद्यापासून ठमाबाईकडं ठेव. पैसे मी भरतो. भाव वाढला तरी मी भरतो. पण इथं आणायची नाय."

घ्या! असा मालक मिळेल कुठं? पोर सांभाळायचे पैसे मालक देतोय! प्रविण तर घरी नाचायचाच बाकी. "मग रडतेस कशाला? आता तर परवडलं ना?" अनिता म्हणाली, "व्हय."

आणि परत सुरू. सकाळी रामवाडी, काखेत मृणाली, दाराकडं नजर. दिवसभर गणपती, दाराकडं नजर. श्रावणभर चाललं हे. ठमाबाई भाव वाढवतेय, शेठ भरतायत, व्यापारी रुमाल काढतोय. सगळे खूश!

चतुर्थी अगदी तोंडावर आली, शेवटच्या मूर्ती राहिल्या होत्या, त्या दिवशी मी पण गेले होते तिच्याबरोबर रामवाडीला. अनितानं दारात पोरीला पुढं केलं, आणि मृणालीनं आपणहून दोन्ही हात पसरले. ठमाबाईकडं! गेली, काखेत बसली, म्हातारीच्या गळ्यातल्या पोतीशी खेळायला लागली. अनिता थांबली. "मी चालले हां, मृणाली." पोर पोतीत दंग. बांगड्या वाजवल्या. "जाते हां मी!" पोरीनं मानसुद्धा वळवली नाय. आणि ठमाबाई एवढी खूश, म्हणाली, "रुळली गो! आता मला काय त्रास नाय. रुळलेल्या पोराचा भाव कमी करते, सांग तुझ्या शेठला!" जन्मात पहिल्यांदा त्या बाईनं भाव कमी केला, आणि तो ह्या दिवशी!

आणि अनिता रडली नाय हो. त्या दारात उभी राहून नुसती बघत राहिली. मी हाताला धरून आणली तिला कारखान्यात.

मला वाटलं, झालं, आता नजर कुठून आणणार ही? पण संध्याकाळी दत्तूशेठ बल्ब धरून बघतायत आणि बोलतायत, "वा! अशी नजर आजपर्यंत उतरली नव्हती!" मी पण बघितलं. ते डोळे मृणालीचे नव्हते. पाटाला पाट लावून बसते मी, मला कळत नाय? ते अनिताचेच डोळे होते, सकाळचे, रामवाडीच्या दारातले. शेठ इतके खूश, इतके खूश, की ठमाबाईनं जे कमी केले ते वाचलेले पैसे त्यांनी अनिताच्या हातावर ठेवले. तिनं मूठ मिटली आणि मला म्हणाली, "चला बाय, परवडलं एकदाचं."