आमोदने कुठे थांबायचं

हसणार असाल तर सांगत नाही. अंधश्रद्धेवर कॉलेजात भाषणं ठोकणारी मी, त्या दिवशी पार बदलले. बॉनमध्ये आमच्या फ्लॅटमधला टोबियास बेसबॉल खेळायचा. मार्चमधल्या शेवटच्या सराव सामन्यानंतर त्याला संघात ठेवायचं की काढायचं, ते ठरणार होतं. मी आणि फ्लॅटमधलाच आमोद प्रत्येक सरावाला कुडकुडत हजर. त्या दिवशी टोबियास दोनदा बाद झाला. आमोद टॉयलेटला गेला, आणि टोबियासने चेंडू थेट कुंपणापार धाडला!

आमोद धावत आला. "काय झालं?"

"तू परत जा!"

"अगं, पण झालं माझं!"

"तरी जा! त्याची पुढची बॅटिंग संपेपर्यंत बाहेर यायचं नाही!"

बिचारा गेला. चेंडू पुन्हा कुंपणापार, टोबियास संघात!

घरी टोबियासला हे सांगितलं, तर म्हणाला, "याला शास्त्रीय आधार काय?" मी खजील.

मोसमाच्या पहिल्या सामन्याला टोबियासच बॅट घेऊन कुंपणाशी आला. चेहरा पांढराफटक.

"आमोद, तू अजून इथेच?"