ज्यांना देता येत होते

आदरणीय अध्यक्ष गुणवंतराव, व्यासपीठावरील डॉक्टर साहेब, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या रंजीताबाई, आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी लटारू सोमाजी भोयर, वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा धानाची शेती, मुक्काम आरमोरी. जे घडले तेच सांगतो, आणि अध्यक्षांची परवानगी घेऊनच सांगतो.

रंजीताबाईंनी रक्तपेढीची नोकरी कशी केली, हे आधीच्या वक्त्यांनी सुंदर सांगितले. मी एका प्रसंगापुरते बोलेन.

करोनाच्या साली माझा मुलगा मिथुन चंद्रपूरला दवाखान्यात होता. डॉक्टरांनी प्लाझ्मा मागितला. म्हणजे त्या आजारातून बरे झालेल्या माणसाच्या रक्तातला पिवळा, पातळ भाग. मी स्वतः बरा झालो होतो. बाही वर केली. बाईंनी वय विचारले आणि आपल्या हाताने माझी बाही खाली केली.

आमचे शेजारी गफ्फारभाई शिंपी यांच्या पत्नी हाजराबाई न बोलावता आल्या. "चाचा, मले झाला होता, साऱ्या मोहल्ल्याले मालूम हाय. घ्या माहा." बाईंनी विचारले, लेकरे किती? तीन. मग चालत नाही; बाळंतपण झालेल्या स्त्रीचा प्लाझ्मा घेत नसत. हाजराबाई कडाडल्या, "लेकरं झाले हा गुन्हा झाला का वो?" 

राहिले आमचे अध्यक्ष. तेही त्याच आजारातून गुपचूप बरे झाले होते. वय बसत होते, रक्तगट जुळत होता. मी आणि रंजीताबाई त्यांच्या अंगणात उभे राहिलो. ते हळू आवाजात म्हणाले, "लटारूभाऊ, पोरीची सोयरीक चालू हाय. मी गेलो त साऱ्याइले समजन का आमच्या घरी बिमारी होती. मंग कोन येईन दारात?" बाईंनी हात जोडले. मीही जोडले. मी आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते.

मिथुन घरी आला नाही.

पुढे पेपरात आले की प्लाझ्म्याने फारसा गुण येत नाही. अध्यक्ष तो पेपर घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, म्या देल्ला असता तरी..." एवढेच बोलले आणि रडू लागले. तुम्ही नाही म्हटले त्या दिवशी हा पेपर निघाला नव्हता, हे माझ्या ओठांवर होते. पण माणूस रडत होता. मी पत्नीला चहा ठेवायला सांगितले.

उद्या तुमच्या दारात अशी बाई आली, तर तुम्ही काय कराल? मी सांगितल्याने कोणी ऐकेल, असा भरवसा मला नाही.

रंजीताबाई, आपण माझ्या शेजारी हात जोडून उभ्या राहिलात, त्याबद्दल आभार. शब्द कमीजास्त झाला असल्यास सभेने पोटात घालावा.

साक्षीदार हजर: पत्नी कमळा, हाजराबाई, स्वतः अध्यक्ष गुणवंतराव.

गैरहजर: मिथुन लटारू भोयर.